मी ठणठणीत असल्याची बातमी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (जेवढं वाकता येतं तेवढाच, बाकीचा मनाने धरून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, असं मला चिरंजीवांकडून कळलं. तुलाही त्यानेच कळवलं आणि तू इकडे राहायला येण्याचा बेत रद्द केलास. छान केलंस. धडधाकट माणसाकडे कुणी कशाला यावं?

तर ही आनंदाची बातमी जन्माला कशी आली ते ऐक. गुडघा ठणकतो म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून गुडघा आणखी ठणकतो, हे गाऱ्हाणं घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. हे चिरंजीवांचे वर्गमित्र (परीक्षेत दोघं एकमेकांचं बघून लिहायचे, मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं). ते म्हणाले, आधी नीट झोपा, दुखणं आपोआप कमी वाटेल. मग त्यांनी वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. त्या म्हणाल्या, आधी गुडघा मोकळा करा, झोप आपोआप लागेल. म्हणजे दोघांचंही बरोबर, आणि मधला जिना माझा. खाली आलो तर डॉक्टरांनी तिसरंच काढलं, की या वयात आजार किती आहे यापेक्षा माणसाला स्वतःला कसं वाटतं ते महत्त्वाचं. हे मात्र मला पटलं. चष्म्याच्या दुकानात जन्मभर मी दुसरं काय केलं? एकेक काच लावायची आणि विचारायचं, ही बरी की आधीची बरी? गिऱ्हाईक सांगेल तो नंबर. तुम्हाला स्पष्ट दिसतंय, फक्त तसं वाटत नाही, असं मी कुणाला सुनावलं नाही.

तेव्हा आता हे विचारतील आणि मी सांगेन, अशा तयारीने बसलो. "मग काका, कसं वाटतंय?" असं विचारून त्यांनी वाजणारा फोन उचलला. विषय नव्या गाडीचा रंग. पांढरा की करडा याचा खल एवढा रंगला की माझा गुडघा खुर्चीतच आखडला. शेवटी मी उठलो आणि कुणाकडूनही निघताना आपण म्हणतो तसं म्हणालो, "बरंय." म्हणजे येतो. डॉक्टरांना वाटलं, उत्तर आलं. त्यांनी माझी गोळी निम्मी केली आणि चिरंजीवांना कळवलं, की बाबांना बरंय.

मी मुलाला फोन करून समजावलं, की अरे, मी फक्त निरोप घेत होतो. तो घाबराघुबरा झाला. बाबा, असं निरोपाचं बोलू नका म्हणाला. आता सर्वानुमते असं ठरलंय की माझं शरीर उत्तम आहे, मनच खचलंय, आणि त्याने माझं नाव हसण्याच्या वर्गात घातलंय. तिथे सगळे माझ्यासारखेच गुडघे धरून हसतात.

खरं सांगू का, तुझी भावजय गेल्यापासून घर इतकं गप्प आहे की गुडघ्याचंच तेवढं ऐकू येतं. मला एकटं वाटतं. असो. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
सरकारदरबारी ठणठणीत असलेला
धाकटा भाऊ

ता. क. तू येऊ नकोस असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. हवं तर पुन्हा वाच.

आणखी एक ता. क. मागे तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा जेवणं आटोपल्यावर तू तुझ्या जावेची तक्रार सांगायला बसलीस. मी मान डोलावत होतो म्हणून तू खूश होतीस. ताई, मी डुलक्या घेत होतो. पार चहापर्यंत गाढ झोपलो आणि उठलो तेव्हा गुडघा कुठे आहे ते आठवावं लागलं. तुझी भावजय गेल्यापासून तशी झोप तेवढी एकदाच लागली. जावेने शेवटी काय केलं ते मला अजून माहीत नाही. ये, आणि पहिल्यापासून सांग.