आन्ना कशी आहे?

४ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा तेच! जिन्यात जेम्स भेटला, आमचा धर्मशिक्षणाचा विभागप्रमुख. "हाउ इज आन्ना?" मी म्हणालो, "गुड, गुड. थंडीला कंटाळलीय."

आन्नाला जाऊन चौदा महिने झाले.

मुद्दाम खोटं बोललो नव्हतो. सप्टेंबरात, या नव्या शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात, डबा बघून एका बाईंनी विचारलं, बायकोने केलं का? तोंडातून 'हो' निसटलं. पुढे आवरता येईना. आन्ना हे करते, आन्नाला ते आवडत नाही... कॅल्गरीत सगळ्यांना माहीत होतं. ग्रोसरीतसुद्धा लोक माझा हात हातात घ्यायचे. नको झालं होतं. म्हणून तर तिथलं घर विकून इथे व्हिटबीला आलो — कुणी ओळखू नये म्हणून. आता कुणीच ओळखत नाही. घ्या!

६ नोव्हेंबर
बारावीचा तत्त्वज्ञानाचा तास. विषय: खोटं बोलणं. अनन्या म्हणे, "सर, कुणालाच हर्ट होत नसेल तर ते लाय कसं?" मी फळ्याकडे वळून उगाच मार्कर शोधत राहिलो.

७ नोव्हेंबर
आम्हा कॅथलिकांचा हा मृतांचा महिना. शाळेच्या चॅपलबाहेर वही ठेवलीय. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव त्यात लिहायचं, महिनाअखेरीस मिस्सेच्या प्रार्थनेत ती सगळी वाचायची. मुलं आजी-आजोबांची नावं लिहितात. एकाने कुत्र्याचंही लिहिलंय! मी पेन काढलं. तेवढ्यात समोरून जेम्स. पेन परत खिशात.

१० नोव्हेंबर, रविवार
मंगळवारी स्टाफचं पॉटलक, प्रत्येकाने घरून काहीतरी करून न्यायचं. "आन्नाचे फुगे हवेत हं!" — सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. चूक माझीच. वसईला सणाला मैद्याचे फुगे तळतात, आन्नासारखे कुणाला जमत नाहीत, अशी फुशारकी मीच मारली होती.

दिवसभर खपलो. पहिला घाणा दगड, दुसरा आतून कच्चा. तिने प्रमाण कुठे लिहून ठेवलेलं नाही. शेवटी एडमंटनला फियोनाला फोन केला. लेक म्हणाली, "डॅड, आय डोन्ट नो. मॉम जस्ट डिड इट." फोन ठेवून ओट्याशीच रडलो. तिसरा घाणा बरा निघाला.

१२ नोव्हेंबर
फुगे संपले. जेम्सने चार खाल्ले. "आन्नाला थँक्स सांग!" घरी येऊन खरंच सांगितलं — मोठ्याने. वेड लागायची पाळी आलीय.

२७ नोव्हेंबर
इतके दिवस काही लिहिलं नाही. उद्या मिस्सा, आणि नावं मी वाचायची आहेत! जेम्सने यादी आणून दिली. एकाहत्तर नावं. कुत्रासुद्धा आहे. ती नाही.

तिला वगळून वाचू? मग मी तिचा कोण? आणि वाचलं तर परवापासून "आन्ना कशी आहे" कोण विचारणार? फजितीची भीती नाही मला. पण ती असल्यासारखी तिची चौकशी करणारा जगात जेम्स तेवढा एकच माणूस आहे. तोही घालवून बसेन.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
वाचलं. यादी संपली, कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "आन्ना. माय वाइफ." जेम्सकडे बघवेना. मिस्सा संपताच कुणाशीही न बोलता गाडीत जाऊन बसलो.

२९ नोव्हेंबर
जेम्स वर्गात आला, दार लावून घेतलं. मी माफी मागू लागलो, तर थांबवलं. कॅथलिक शाळेत नोकरीच्या अर्जाला चर्चच्या फादरांचं पत्र जोडावं लागतं. माझं त्यानेच वाचलं होतं — जूनमध्ये! कॅल्गरीच्या फादरांनी त्यात लिहिलं होतं, बायको गेल्यापासून हा माणूस फार एकटा आहे. जेम्स म्हणाला, "तुला तिच्याबद्दल बोलायचं असायचं. म्हणून विचारत राहिलो."