टाळ्यांची कॅसेट

आप्पा, तुमची ती कॅसेट नक्की काय होती ते शेवटी कळलं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, म्हणजे बातमी जरा उशिराच आली म्हणायची. लांब केसांच्या गोऱ्यांचं चित्र असलेली, पुण्याच्या फूटपाथवरून तुम्ही आणलेली ती. गाणी तुम्हाला क्षणभरही सोसली नाहीत. ‘पत्र्यावर गारा पडल्यावाणी वाजतंय,’ म्हणालात. पण दोन गाण्यांच्या मधे हजारो माणसं टाळ्या पिटायची, आणि जुन्नरात लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या माणसाला ते घबाडच होतं. तुम्ही तेवढ्याच टाळ्या दुसऱ्या कॅसेटवर भरून घेतल्या. सभेत पुढाऱ्याचं भाषण पडायला लागलं की मागच्या झाडावरच्या कर्ण्यातून त्या हळूच सोडायच्या. ‘मागची वाजवत्यात म्हणल्यावर फुडची बी वाजवत्यात,’ हे तुमचं शास्त्र. फक्त त्या कॅसेटवरचं ‘भजन’ हे जुनं लेबल बदलायचा तुम्ही कंटाळा केलात. मंचरच्या शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळून झाली, तुम्ही भजन लावलंत, आणि हजारो गोरे आनंदाने ओरडले. तिथून आपण वायरी गुंडाळत कसे निघालो ते आठवलं की मला अजून घाम फुटतो.

पण माझा राग त्या शोकसभेचा नव्हता. मी आठवीत, जुन्नरच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा, स्पीकर अर्थात आपलाच. भर दुपार आहे, मी माइकसमोर उभी आहे आणि भाषणाच्या मधोमध पुढचं सगळं साफ विसरले आहे. तेवढ्यात मागून टाळ्यांचा कडकडाट, त्यात कुणाची तरी एक लांबलचक शिट्टी. पोरं वळून बघतात, मग तीही वाजवायला लागतात, आणि परीक्षकांना वाटतं भाषण संपलं. मला तिसरा नंबर मिळाला. घरी येताच मी ते बक्षीस फेकून दिलं. मी बरी बोलले की नाही हे मला कळायला हवं होतं, आणि तुम्ही ते कायमचं झाकून टाकलंत. ‘का वाजवलंत?’ म्हणून मी ओरडले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘तू थांबलीस. थांबल्यावरच वाजवायचं आसतंय.’ पुन्हा कधी मी स्टेजवर चढले नाही आणि त्याचं खापर तुमच्यावर फोडत राहिले.

गेल्या महिन्यात, ऑफिसात असल्या जुन्या बँडांचं वेड असलेला एक जण आहे, त्याला तुमची मूळ कॅसेट ऐकवली. तो ऐकतोय, लेबल बघतोय आणि हसतोय. लेबलवरचा बँड हा नव्हेच. कार्यक्रमाचं म्हणून छापलेलं शहरही ते नव्हे. आणि टाळ्या? ‘मॅडम, या मागाहून चिकटवल्यात. नीट ऐका, प्रत्येक गाण्यानंतर तीच शिट्टी आहे.’ खरंच तीच होती, आप्पा! गाणी बंद खोलीत वाजवलेली, समोर चिटपाखरू नाही. म्हणजे तिकडेही तुमच्यासारखाच कुणी मशीन घेऊन बसला होता. मी हसत सुटले, थांबेचना. आणि मग तुमची इतकी आठवण आली की उठून बाहेर जावं लागलं.

हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरातच राहील. म्हणून कबूल करते. त्या दुपारी स्टेजवरून तुम्ही मला दिसत होतात. एक हात मशीनच्या बटणावर अडकलेला, म्हणून दुसऱ्या हाताने तुम्ही आपल्याच मांडीवर थापा मारत होतात, जोरजोरात, मी खाली उतरेपर्यंत. ते मी पाहिलं होतं. तरी आजवर सगळ्यांना सांगत आले, की त्या दिवशी आपणहून माझ्यासाठी कुणी एकानेही टाळी वाजवली नाही.