भावाच्या नावचं दुकान

३ जून

काल डोळ्याला डोळा लागला नाही. फोन सारखा वाजत होता, आणि वाजला की एक फ्रॉक गेला!

एक जूनचा बालदिन झाला परवा. शाळांची नाचगाणी आटपली. एका बालवाडीनं माझ्याकडनं बदकांचे फ्रॉक घेतले होते, अख्ख्या वर्गाचे, मागं पिसांची शेपटी. नाच झाला, फोटो झाले, आणि एकेक आई कळवायला लागली — आवडला नाही, पैसे परत द्या. माझं दुकान ज्या ऑनलाइन बाजारात आहे, त्या कंपनीनं दिले. दुकानाच्या खात्यातून! नवा नियम म्हणे. गिऱ्हाइकानं नुसतं आवडलं नाही म्हणायचं, पैसे परत, माल त्याच्याकडेच. वर प्रत्येक विक्रीमागं कंपनी जे कमिशन कापते ते वाढवलंय, आणि पैसे परत गेले तरी कमिशन काही परत येत नाही. म्हणजे फ्रॉक गेला, पैसे गेले, आणि ते गेल्याची दलाली मी भरली.

दुकान च्यानलिनच्या नावावर आहे, ही खरी भीती. माझा धाकटा भाऊ. नवऱ्याच्या टेम्पोच्या कर्जावर मी सही केली, टेम्पो गेला, कर्ज राहिलं, माझं नाव कर्जबुडव्यांच्या काळ्या यादीत. माझ्या नावावर दुकान कोण देणार? गावात निम्मी दुकानं अशीच. कुणाचं सासऱ्याच्या नावावर, कुणाचं भाच्याच्या. च्यानलिन नवीन वर्षाला आला, चेहरा नोंदवायला फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसला, डोळे मिटा म्हटलं मिटले, तोंड उघडा म्हटलं उघडलं. झालं दुकान.

आता त्याला रेल्वेनं नोकरीला निवडलंय. वीस तारखेला जिनान शहरात तपासणी. डोळे, छाती, आणि पोलिसांचा दाखला. आमच्या घरातला पहिला गणवेश! दुकान बुडालं तर बुडवणारा तो ठरेल. मग घेतील का त्याला?

माझी तान्ही मान्मान उठली. दूध.

५ जून

शेजारच्या गे वहिनी आल्या. त्या माकडांचे पोशाख विकतात, सोनेरी मुकुटासकट. त्यांचंही तेच झालंय. पण बाई हसतायत! पातीचा कांदा भाकरीत गुंडाळून खातायत आणि हसतायत.

म्हणल्या, कंपनीचं स्वतःचं दुकान आहे ना त्याच बाजारात? नियम सगळ्यांना सारखा ना? मग आपण गिऱ्हाईक होऊ. मागवायचं, आणि म्हणायचं आवडलं नाही. गावातल्या बायकांचा गट जमलाय. शेजारच्या गावातल्याही आहेत. सगळ्या मिळून मागवणार, म्हणजे कंपनीला कळेल जळतं कुठं.

मी म्हटलं, मला भीती वाटते.

"तुला तर भाकरी फुगली तरी भीती वाटते," म्हणल्या.

६ जून

मागवलं! एक कलिंगड. घाईत बोट दोनदा लागलं, दोन झाली.

८ जून

कलिंगडं आली. गोड! आवडली नाहीत असं लिहिलं. बाळाचा ढेकर निघेपर्यंत पैसे परत. खोटं वाटेल, पण मी उभ्या उभ्या नाचले, तिला खांद्यावर घेऊन.

माझं नाव तर कुठंच नाही! दुकानाच्याच खात्यातून मागवलं. मला कोण धरणार?

११ जून

डायपर आले. दुधाच्या पावडरीचे डबे आले. पंखा आला. सासूबाईंना वाटतंय लेकानंच, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लांब शिंजियांगहून बांधकामावरच्या पगारातून धाडलंय. पंख्यासमोर बसून म्हणतायत, पोरगा सुधारला. मी तोंडात एप्रन कोंबून हसले.

गावात नुसती जत्रा आहे. एकीकडं ड्युरियन आलंय, ते फणसासारखं काटेरी फळ, सगळी गल्ली घमघमतेय, कुणाला ते फोडता येत नाही. गे वहिनींच्या अंगणात सगळ्यांच्या टॉयलेट पेपरचा डोंगर, त्यावर पोरं घसरगुंडी खेळतात. डिलिव्हरीवाला घाम पुसत विचारत होता, लग्न आहे का कुणाचं. गे वहिनी म्हणल्या, "लग्न नाही रे, बारसं! कंपनी नवा नियम व्यालीय." तोही हसत गेला.

किती दिवसांनी पोट धरून हसले मी.

१३ जून

च्यानलिनचा फोन. मी घाबरले, पण तो हसतच होता.

"ताई, मला सारखे निरोप येतायत, डायपरचे पैसे परत मिळाले म्हणून. मी कधीपासनं लावायला लागलो?"

मी म्हटलं, दुकानाचंच काहीतरी आहे, तू बघू नकोस, आवाज बंद कर. बरं म्हणाला. माझं सगळं बरंच म्हणतो तो. लहानपणी अंडी मी फोडली तर मार त्यानं खाल्ला, ‘मीच फोडली’ असं सांगून.

गणवेशाचं माप घेऊन गेले म्हणे. खांदे रुंद निघाले. मान्मानला फोनवर आगगाडीचा आवाज काढून दाखवला. ती रडली. तो आणखी हसला.

१५ जून

जिंकलो! कंपनीनं नियम मागं घेतला. आता माल परत आल्याशिवाय पैसे परत नाहीत. कमिशनचं बघू म्हणाले. गावात भर दुपारी फटाके! सासूबाईंना कशाचे ते माहीत नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान्मानला बदकाचा फ्रॉक घातला, पायापर्यंत लोळतोय, शेपटी तोंडात घालून बसली.

गे वहिनींनी घरच्या दारूचा पेला दिला. मी म्हटलं, बघा, मी उगाच घाबरत होते, दुकानाच्याच खात्यातून मागवलं आणि काही झालं नाही.

त्यांनी पेला खाली ठेवला.

"अगं येडे, दुकानाच्या? आम्ही सगळ्यांनी आपापल्या नावानं मागवलं. एखाददुसरं, चिडून. त्या खात्यात चेहरा कुणाचा आहे?"

मग म्हणल्या, जाऊ दे, जिंकलोय आता, कोण बघतंय. आणि पेला परत भरला.

मी प्यायले नाही.

१६ जून

डबे उघडलेले. डायपर वापरलेले. पंखा पुसून खोक्यात भरला. कंपनीला कळवलं, सगळ्याचे पैसे भरते. उत्तर आलं — तक्रार पुढे पोलिसांत गेली आहे.

च्यानलिनला फोन लावला. आनंदात होता. खरं सांगवलं नाही माझ्यानं.

१९ जून

दोघे पोलीस बाहेर बसलेत. च्यानलिनला शोधत आले. म्हणाले, माल त्याच्या नावानं, चेहरा त्याचा, जिनानला आहे ना, उद्या तिथंच गाठू. मी म्हटलं, सगळं मी केलं. एक जण म्हणाला, बहिणी असंच म्हणतात. जबाब द्यायला मला चौकीवर नेतायत. माझा फोन त्यांनी काढून घेतला. बाळाचे कपडे बदलते सांगून आत आलेय. मान्मानला सासूबाईंकडे देते. त्यांना नंबरही वाचता येत नाही, म्हणून ही वही दुसऱ्या कुणासाठी उघडी ठेवतेय.

गे वहिनी, किंवा जो कोणी वाचेल — माझ्या भावाला फोन करा. नंबर पाळण्याच्या फळीवर खडूनं लिहिलाय. पोलीस विचारतील तेव्हा तो मला वाचवायला ‘मीच मागवलं’ म्हणेल. त्याला तसं म्हणू देऊ नका. सांगा, ताईनं सगळं खरं सांगितलंय. सकाळच्या आत करा.