उघडा कारभार, बंद शिफारस

५ दै १३५१ फसली
निवडून आलो! लातूरच्या नगर कमिटीचा मेंबर. कापडाचे दुकान सांभाळून आता जनसेवा. रोजनिशीही आजपासूनच. मेंबर झालो म्हणून तारीख सरकारी, फसली सनाची घातली आहे. बायकोला सांगितले, आज पाच दै. सौदामिनी म्हणाली, आज कार्तिक वद्य पंचमी आहे आणि घरात तूप नाही.

निवडणुकीत दोनच वचने दिली होती. एक, कारभार उघडा. कमिटीत जे ठरेल ते कचेरीच्या भिंतीवर चिकटवायचे, गावाने वाचायचे. दोन, शिफारस बंद. काम घेऊन मेंबराच्या घरी कोणीही यायचे नाही. टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त वाजवल्या हणमंतप्पा गिरणीवाल्यांनी. एवढा तेलगिरणीचा मालक, पण वागायला किती साधा.

७ दै
उर्दू ही सरकारी जबान, म्हणून कमिटीचे सगळे कागद उर्दूत असतात. त्याची मला मुळीच अडचण नाही. सोलापुरात मॅट्रिकपर्यंत शिकलो, त्यामुळे मराठी-इंग्रजी पक्के. उर्दू बोलतो झकास. वाचायचे म्हणाल तर कागद समोर आला की तो उर्दूत आहे हे लगेच ओळखतो. पुढचा प्रश्न फक्त सरावाचा आहे. महिन्याभरात फडाफडा वाचायचे. रोज सकाळी एक तास.

दस्तखत मात्र आधीच तयार. समोरच्या मुनशीकडून वळण काढून आणले, चाळीस वेळा गिरवले. शेवटचा फाटा फारच ऐटबाज येतो.

८ दै
सकाळचा तास झाला नाही. सर्दी.

१२ दै
हणमंतप्पांकडून सीताफळांची करंडी आली. सौदामिनीच्या नावाने. आता बाईमाणसाच्या नावाने आलेली वस्तू शिफारशीत धरायची की नाही, हा प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. मी विचार करत होतो तेवढ्यात तिने करंडी आल्या माणसाच्या डोक्यावर परत ठेवली. नियमाप्रमाणे बरोबरच केले. तरी फळ नासके आहे की काय, हे एखादे फोडून पाहायला हवे होते.

१९ दै
पहिली मीटिंग. तहसीलदार साहेब सदर, म्हणजे अध्यक्ष. माझे दोन्ही ठराव मांडले. भिंतीवर कागद चिकटवायचा, पंधरा दिवसांत कोणाची हरकत असेल तर ती लेखी द्यायची, तोंडी कोणी काही सांगायचे नाही, घरी तर नाहीच. साहेब खूश. ठराव एकमताने मंजूर.

पेशकार दत्तोपंत, म्हणजे कमिटीचे कागद लिहिणारे आणि राखणारे, तीस वर्षांच्या नोकरीत मुरलेले, त्यांनी एवढेच विचारले की लेखी हरकत सरकारी जबानमध्येच ना? म्हणालो, अर्थात. शिस्त म्हणजे शिस्त. दत्तोपंत गालात हसले. त्यांना माझी धडाडी आवडली असावी.

२३ दै
दारावर पाटी लावली. 'येथे शिफारस चालत नाही.' मराठीत. उर्दूत रंगवायची राहिली, कारण पेंटरने काय लिहिले हे तपासायला मला वेळ नाही.

न्हाव्याकडे गेलो तर हणमंतप्पा शेजारीच. त्यांनी काम एकही सांगितले नाही. शेंगांची पोती उघड्यावर पडतात, दव लागते, एवढे बोलून उसासा टाकला. उसासा म्हणजे शिफारस नव्हे. शिवाय ही भेट घरी झाली नाही.

४ बहमन
सकाळचा तास: नाही. चष्म्याचा नंबर बदलला असावा. सोलापूरला जाणे होईल तेव्हा पाहू.

९ बहमन
आज नियमाची पहिली कसोटी लागली आणि मी उतरलो. गंजातल्या, म्हणजे बाजारातल्या लिंबाखाली भाजी विकणाऱ्या बायका आहेत, बारा जणी. त्यांची म्होरकी पंचफुलाबाई परसदारी आली. मालक, ऐकायला येतंय की आमची जागा जानार, खरं का? असे विचारत होती. मी दुरूनच हात केला. म्हटले, बाई, काम घेऊन घरी यायचे नाही, पाटी वाच. ती म्हणाली, वाचता येत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते? तीस सालं झाली, आमी तिथंच बसतो, तुमच्या घरची चाकवत बी तिथूनच येती.

मन कळवळले. पण प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल. म्हटले, लेखी दे. गेली. सौदामिनीने पाटीकडे बघून नाक मुरडले. स्त्रियांना सिस्टीम कळत नाही.

२५ बहमन
चाकूर रस्त्याला हणमंतप्पांच्या मळ्यात हुरडा. आधी कचरलो. पण इतर सात मेंबरही होते, म्हणजे हे उघड्यावरच झाले. लपवाछपवी कुठे आहे? हुरडा अप्रतिम, दही घट्ट, तिळाची चटणी तर विचारू नका.

बोलता बोलता हणमंतप्पा म्हणाले, गंजात लिंबाखाली पत्र्याचे शेड पडले तर किती सोय होईल. बाया बी लई खूश हायत म्हने. ऐकून बरे वाटले. बिचाऱ्या उन्हात बसतात. पंचफुलाबाई उगाच घाबरली. शेडला माझा पाठिंबा राहील, असे मी स्वतःहून सांगितले. त्यांनी मागितला नव्हता.

२९ बहमन
दत्तोपंतांनी शेडच्या ठरावाचा मसुदा घरी पाठवला, मेंबरसाहेबांनी नजरेखालून घालावा म्हणून. नजरेखालून घातला. दोनदा. अक्षर फार तोडून लिहितात हे लोक. नुक्ते, म्हणजे टिंबे, कुठे, अक्षर कुठे.

सौदामिनी म्हणाली, आणा, मी वाचते. तिचे वडील उदगीरला अर्जनवीस होते, लोकांच्या दरख्वास्ती लिहून द्यायचे, त्यामुळे लहानपणी काही शिकली असेल. मी कागद काढून घेतला. म्हटले, हे कमिटीचे कागद आहेत, प्रायव्हेट असतात, घरात दाखवता येत नाहीत. ती म्हणाली, मग गावाला कसे दाखवणार? तिला म्हटले, भाकरी करपते आहे.

२ इस्फंदार
ऐतिहासिक मीटिंग! शेडचा ठराव. दत्तोपंतांनी विचारले, वाचून दाखवू? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी कागद हातात घेतला, वरून खाली डोळे फिरवले, मध्ये एकदा हुं केले आणि म्हणालो, मजमून मुनासिब आहे, म्हणजे मजकूर योग्य आहे. वाचायची गरज पडली नाही. साहेबांनी विचारले, भाजीवाल्या बायांची हरकत? मी उभा राहून सांगितले, हरकत नाही, उलट खूश आहेत. पहिली दस्तखत माझी. फाटा असा आला की साहेबही बघत राहिले.

३ इस्फंदार
ठराव भिंतीवर. स्वतः उभे राहून खळ लावून घेतली. लातूरच्या इतिहासात प्रथमच कारभार भिंतीवर आला. लोक जमले, बघत होते. मीही बराच वेळ बघितला. सुंदर दिसतो.

६ इस्फंदार, दुपार
सौदामिनी गंजात गेली होती. पंचफुलाबाईने बोलावले होते म्हणे. तिने भिंतीसमोर उभे राहून, डोक्यावरचा पदर न ढळू देता, सगळा ठराव मोठ्याने वाचला आणि ओळीओळीला मराठीत सांगितला. बाजार थांबला होता.

त्यात असे आहे म्हणे: लिंबाखालच्या जागेवर शेड बांधायचे, ते हणमंतप्पांच्या पोत्यांसाठी. भाजीवाल्यांनी नाल्यापलीकडे बसायचे. आणि हे सर्व मेंबर रेणुकादासराव यांच्या शिफारशीवरून, बायांची हरकत नाही असे त्यांनी स्वतः सांगितल्यावरून.

शिफारस! माझी!

संध्याकाळ
हा सरळ विश्वासघात आहे. दत्तोपंतांना गाठले. ते शांतपणे म्हणाले, वाचून दाखवू का विचारलं होतं. म्हटले, घाईत होतो. ते म्हणाले, मग आता लेखी हरकत द्या, सरकारी जबानमध्ये, नियम आपलाच आहे.

चूक माझी नाही. चष्म्याची आहे.

७ इस्फंदार
हणमंतप्पांकडे गेलो. आत बसा म्हणाले नाहीत. ओट्यावरूनच सांगितले, रेणुकादासराव, कामं घिऊन घरी यायचं न्हाई, असं तुमीच ठरवलंय न्हवं? दार लावून घेतले.

११ इस्फंदार
संक्रांत होऊन गेली. दुकानात गिऱ्हाईक येते, खण बघते आणि गालात हसते. तिळगूळ देताना प्रत्येकजण गोड बोला म्हणतो आणि वाचून बोला असेही पुटपुटतो. वाचायचे शिकायचा निश्चय नव्याने केला. तोंड वर काढवत नाही म्हणून सकाळचा तास सध्या अंथरुणातच पडून जातो.

सौदामिनीला विचारले, मला आधी का सांगितले नाहीस? ती म्हणाली, कागद प्रायव्हेट होता. नंतर भांडे आपटून म्हणाली, त्या बायकांच्या पोटावर सही केलीत तुम्ही, आणि फाट्याचे कौतुक सांगत होता.  

१६ इस्फंदार
बायकांची लेखी हरकत मुदतीच्या आत दाखल झाली. बारा अंगठे. कोणी लिहिली कळत नाही. (कळते.) तीन दिवस घरात दौत उघडी होती आणि माझे दोन टाक सापडत नव्हते.

१ फरवर्दी
हरकतीची पेशी, म्हणजे सुनावणी. साहेब म्हणाले, वा, काय खुशखत आहे, किती सुंदर अक्षर, रेणुकादासराव, आपणच वाचून दाखवा. कागद माझ्या हातात दिला.

चष्मा पुसला. पुन्हा पुसला. खोकलो. पाणी मागितले, पाणी आले, प्यालो. बारा बायका दाराशी उभ्या होत्या. इतर मेंबर छताकडे बघत होते. त्यांतल्या निम्म्यांना तरी वाचता येत नसावे, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. पण त्यांनी वचने दिली नव्हती.

शेवटी दत्तोपंतांनी कागद हळूच काढून घेतला आणि वाचला. आम्ही राजी नाही, आम्हाला कोणी विचारले नाही, मेंबरांकडे गेलो तर त्यांनी पाटी दाखवली. ज्यांचे काम होते ते मेंबरांना मळ्यात भेटले. आम्हाला मळा नाही. खाली आणखी एक मागणी होती: मेंबराने दस्तखत करण्याआधी कागद त्याला वाचून दाखवावा.

साहेबांनी विचारले, बायांना आपण खरेच विचारले होते का? नाही म्हणालो. इतक्या हळू की दोनदा म्हणावे लागले. शेड रद्द, जागा बायकांकडे कायम. शेवटची मागणीही एकमताने मंजूर. त्यावर दत्तोपंतांनी मला ती वाचून दाखवली आणि मी दस्तखत केली. फाटा नीट आला नाही.

माघ वद्य चतुर्थी
फसली तारीख आठवली नाही. विचारायची इच्छाही नाही.

गंजात गेलो. मनात होते, पंचफुलाबाईला सांगावे की उघड्या कारभारामुळेच तुमची जागा वाचली. भिंत माझी, नियम माझा. वाटेत भाषण जुळवले होते. चांगले झाले होते.

तिने आधी पाणी दिले. मग पदराच्या गाठीतून शिक्क्याचा हुकूम काढला, नीट उलगडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, मालक, आमच्या जागेचा कागद हाय, काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा.

आजूबाजूच्या अकरा जणी भाजी निवडायच्या थांबल्या. खिशातला चष्मा चाचपला. काढला नाही. म्हणालो, मला वाचता येत नाही.

पंचफुलाबाई म्हणाली, मला बी येत न्हाई. पर म्या कुठं मेंबर हाय?

मेथीची एक जुडी घेतली आणि घरी आलो.