ब्रश सोडून सगळं

४ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
सासरेबुवांची विजेवर चालणारी चाकांची खुर्ची बिघडली. खुर्चीला दोन मोटरी, प्रत्येक चाकाला एक. डावी मेली, उजवी चालते. परिणाम: दांडी पुढे ढकलली की सासरेबुवा हॉलमध्ये डावीकडे गोल गोल फिरतात. तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, ब्रश बघा.

ब्रश! ज्याला काही कळत नाही तो आधी ब्रश म्हणतो. सासरेबुवांचं चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, कबूल. पण तारा गुंडाळणं म्हणजे ज्ञान नव्हे. मी बावीस वर्षं डिप्लोमाच्या मुलांना डी.सी. मशिन्स शिकवतो. पहिल्या वर्षी काढलेल्या नोट्स अजून चालतात, एक अक्षर बदलावं लागलेलं नाही. यावरून काय ते समजावं.

बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलवू. घरात मी असताना!

तिला घाई आहे. सासरेबुवा रोज पाचला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे बुद्धिबळ खेळायला जातात. उजवा हात गेल्यापासून एकट्याने करतात असं तेवढंच. कुणी ढकलत नेलेलं त्यांना खपत नाही. शिंप्याचे गुडघे गेलेत, तो येऊ शकत नाही. आणि वीस तारखेला तो दुकान बंद करून कायमचा मुलीकडे चाललाय. वीस म्हणजे अजून सोळा दिवस. संकल्प: रविवारी खुर्ची दुरुस्त.

५ मार्च
जेवताना घरच्यांना मोटर कशी फिरते ते समजावलं. पाया पक्का हवा. चुंबकाच्या मध्ये तारेचं वेटोळं. त्यातून वीज सोडली की चुंबक त्याला ढकलतो. पण अर्ध्या फेरीनंतर तोच चुंबक उलटा ढकलणार आणि वेटोळं जागच्या जागी झुलत बसणार. म्हणून कम्युटेटर, म्हणजे तांब्याचं कापलेलं कडं. ते दर अर्ध्या फेरीला विजेची दिशा बदलतं, म्हणून वेटोळं एकाच बाजूला फिरत राहतं. आणि फिरत्या कड्याला वीज पोचवायला कोळशाचे दोन ठोकळे त्याला टेकलेले असतात.

बायकोने विचारलं, मग ते ठोकळे घासून झिजत नाहीत का? झिजतात म्हटलं. त्यांना काय म्हणतात? ब्रश म्हणतात म्हटलं.

ती तिच्या बाबांकडे बघायला लागली. बाबा ताटाकडे. मी पाणी मागितलं. पुढच्या चॅप्टरचा प्रश्न आज विचारणारे विद्यार्थी मला कधीच आवडले नाहीत.

६ मार्च
दुरुस्तीआधी जागा मोकळी हवी. माझी खोली आवरली. सासरेबुवांच्या पलंगाखालचा पत्र्याचा डबा माळ्यावर टाकला. आत नुसतं भंगार: स्प्रिंगा, तारांचे तुकडे, काळे ठोकळे. ते नको नको म्हणत होते. म्हाताऱ्या माणसांचा जीव कशातही अडकतो.

खुर्ची माझ्या खोलीत घेतली. कुलूप लावलं. एकाग्रता.

८ मार्च
खुर्ची उघडली नाही. आधी प्रकार निश्चित करायला हवा. उगाच पाने-पक्कड घेऊन धावायला मी काय मेकॅनिक आहे? लक्षात राहावं म्हणून प्रत्येक प्रकाराला माणूस नेमला.

शंट: फील्डचं वेटोळं (चुंबकाच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार) स्वतंत्र जोडलेलं. लोड कितीही येवो, स्पीड तेवढाच. आमचे प्राचार्य. कॉलेजला आग लागली तरी त्याच चालीने येतील.

सिरीज: सगळी वीज एकाच रांगेत. सुरुवातीलाच प्रचंड जोर, पण लोड काढला की बेफाम सुटते. बायको. कामं संपली की कपाटं उपसते.

कंपाउंड: दोन्हींचं मिश्रण. ओझंही उचलते, बेतातही राहते. लॅब असिस्टंट बाई. (त्यांना सांगू नये. डोक्यावर बसतील.)

परमनंट मॅग्नेट: फील्डच्या वेटोळ्याऐवजी कायमचा चुंबक. खेळण्यात वगैरे वापरतात. माझ्या नोट्समध्ये दीड ओळ. कारखान्यातून आलं तसं, काही बदलता येत नाही: सासरेबुवा.

ब्रशलेस: नवीन. घर्षण नाही, ठिणगी नाही, देखभाल नाही. मी.

निष्कर्ष: खुर्ची माणसाचं ओझं ओढते. ओझं ओढायला सिरीज (नोट्स, पान १४). म्हणजे खुर्चीची मोटर सिरीज. न उघडता निदान! याला अभ्यास म्हणतात.

९ मार्च
माणसांची यादी लॅब असिस्टंट बाईंना दाखवली (कंपाउंडची ओळ झाकून). त्या म्हणाल्या, सर, ब्रशलेस मोटर आपली आपण फिरत नाही. तिच्यासाठी बाहेर एक कंट्रोलर विचार करत बसलेला असतो, तेव्हा ती फिरते. तुमच्या घरी कोण करतं हे काम?

या बाईंची बदली का होत नाही?

१० मार्च, रविवार
आज दुरुस्त होणार होती. झाली नाही. कारणं: १. सकाळी लाइट नव्हती. २. घरातला स्क्रूड्रायव्हर आखूड. ३. सासरेबुवा दाराबाहेर लाकडी खुर्चीत बसून होते. दारापलीकडे कुणी असं बसलं की माणसाचं लक्ष लागत नाही.

तरी मोटर खुर्चीतून सुटी केली. बाहेरच्या बाजूला समोरासमोर दोन काळी प्लास्टिकची बुचं आहेत. सजावटीची असावीत. स्क्रूड्रायव्हर आवरणाला सारखा चिकटतो, ओढून काढावा लागतो. पत्रा हलका वापरलाय.

दाराबाहेरून विचारणा झाली, बुचं काढलीत का. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

नवीन तारीख: गुरुवार.

१२ मार्च
हात साफ व्हावा म्हणून कॉलेजच्या लॅबमधली मोठी सिरीज मोटर चालवली. पट्टा मध्ये येत होता, म्हणून काढला. पट्टा काढला म्हणजे लोड गेला. मोटर आधी गुणगुणली, मग ओरडली, मग टेबल चालायला लागलं. बाईंनी धावत येऊन मेन स्विच पाडला. खिडकीची एक काच गेली.

सिरीज मोटर लोडशिवाय कदापि चालवू नये, हे वाक्य मी दर वर्षी दोनदा लिहून देतो आणि खाली लाल रेघ मारायला सांगतो. मुलांना ते आता प्रत्यक्ष दिसलं. यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक कोणतं? प्राचार्यांना तसं लेखी कळवलं. ते त्यांच्या स्पीडने वाचतील.

१४ मार्च, गुरुवार
भयंकर प्रकार उघडकीस आला. मोटर पूर्ण उघडली. मधलं फिरणारं वेटोळं आहे. पण फील्डचं वेटोळं नाही! कुठेच नाही! आत नुसत्या दोन वाकड्या काळ्या फरशा चिकटवलेल्या.

चोरी. तांब्याला भाव आहे, कुणीतरी तार काढून विकली आणि जागा भरायला फरशा बसवल्या. बघा, यांना मेकॅनिक हवा होता. खुर्ची बनवणाऱ्या कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली. जेवणाआधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

सासरेबुवा हसले. वर्षभरात पहिल्यांदा. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, चहा मांडीवर सांडला, बायको पुसत पुसत तीही हसायला लागली. तार चोरीला गेली यात हसण्यासारखं काय आहे? अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं. तक्रार पोस्टात टाकली.

१५ मार्च
लॅब असिस्टंट बाईंनी मोटरचा फोटो पाहिला. म्हणाल्या, सर, फरशा नाहीत, ते चुंबक आहेत. परमनंट मॅग्नेट मोटर आहे ही. तुमच्या नोट्समध्ये दीड ओळ आहे बघा.

मला ते माहीतच होतं. फक्त खात्री करायची होती. स्क्रूड्रायव्हर चिकटत होता तेव्हाच मी ओळखलं होतं, लिहायचं राहिलं. बाई पुढे म्हणाल्या, ब्रश पाहिलेत का?

सगळ्यांनी मिळून ठरवलंय वाटतं.

१६ मार्च, शनिवार
कॉलेजातून येताना शिंप्याने हाक मारली. दुकान अर्धं रिकामं, शिवणयंत्राला चादर. म्हणाला, मुलगी लवकर न्यायला येतेय. वीसला नाही, उद्या सतराला संध्याकाळीच निघतोय. सासऱ्यांना सांगा, कसंही करून उद्या एकदा या. डाव अर्धा राहिलाय.

सांगतो म्हटलं.

घरी येईपर्यंत विचार पक्का झाला: आत्ता सांगायचं नाही. सांगितलं की दोघं मेकॅनिक मेकॅनिक करून घर डोक्यावर घेणार. उद्या दुपारी खुर्ची तयार करून समोर उभी करायची आणि मग म्हणायचं, चला, मित्राला भेटून या. चेहरे बघण्यासारखे होतील. तोवर जिभेला कुलूप.

१७ मार्च, रविवार
सकाळपासून जोडणी. तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देते.

तारांचा रंग बघत बसलो नाही. सिरीज मोटरच्या तारा उलटसुलट झाल्या तरी दिशा बदलत नाही (पान १५). ही सिरीज नाही हे मान्य, पण तत्त्व ते तत्त्व.

चार वाजता चाचणी. स्वतः खुर्चीत बसलो. दांडी पुढे केली. उजवं चाक पुढे गेलं, डावं मागे. मी भोवऱ्यासारखा जागेवर फिरलो आणि कपाटावर आदळलो. पण डावी मोटर फिरली! दिशा हा तपशील आहे.

तारा मोटरच्या बाजूने उलट केल्या. काम पक्कं व्हावं म्हणून कंट्रोलरच्या बाजूनेही उलट केल्या. पुन्हा तेच. पुन्हा कपाट. मग डावी मोटर दोनदा खोकली आणि गप्प झाली.

साडेसहा वाजले होते. गुडघ्याला टेंगूळ. अशा अवस्थेत कुणाला काही सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय लोक निघतो निघतो म्हणतात आणि दोन दिवस थांबतात.

१८ मार्च
गुडघा दुखतोय. लिहिण्यासारखं काही नाही. सासरेबुवांनी विचारलं, वीसच्या आत होईल ना, जावईबापू? होईल म्हटलं.

१९ मार्च, मंगळवार. रात्री ८.
क्रमाने लिहितो.

सकाळी खोलीची किल्ली कालच्या शर्टात राहिली. शर्ट धुवायला. किल्ली बायकोच्या हातात. मी कॉलेजात 'ब्रश व कम्युटेटर' हा चॅप्टर लिहून देत होतो.

पाचला घरी आलो तर खोलीचं दार उघडं, खुर्ची नाही, सासरेबुवा नाहीत. बायको मोरीत हात धूत होती, बोटं काळी. म्हणाली, बाबांनी सांगितलं तसं तिने केलं. माळ्यावरचा डबा काढला. ती दोन काळी बुचं नाण्याने फिरवली, आतून ब्रश आपोआप बाहेर आले. मोटर उघडावीच लागत नाही म्हणे. जुने ब्रश नखाएवढे उरले होते. डब्यातले नवे बाबांनी डाव्या हाताने घासून मापात आणले, तिने बसवले. तारा सरळ केल्या. उरलेले तीन स्क्रूही लागले. एकूण पंचवीस मिनिटं, त्यात मधे चहा.

माझ्या टेबलावर, नोट्सच्या पान १४ वर, दोन झिजलेले ब्रश ठेवलेले होते.

मी विचारलं, बाबा कुठे? ती म्हणाली, कुठे म्हणजे काय, शिंप्याकडे. नवा सदरा घालून गेलेत.

मी खाली बसलो.

सात वाजता खुर्ची आली. अगदी सरळ आली, आवाजसुद्धा नाही. बायकोने विचारलं, कोण जिंकलं? सासरेबुवा म्हणाले, शटर बंद होतं. शेजारचा न्हावी म्हणाला, ते परवाच गेले. सहापर्यंत रस्त्याकडे बघत बसले होते. जावईबापूंकडे निरोप दिलाय म्हणाले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तयारीत होतो. आश्चर्याचा धक्का, नियोजन, टेंगूळ, सगळं मुद्देसूद सांगू शकलो असतो. कुणी विचारलंच नाही. सासरेबुवांनी वाढायला सांगितलं आणि सदरा बदलायला आत गेले.

ते दोन तास बंद शटरसमोर बसले होते. मला वाईट वाटतंय. नुसतं वाईट नाही, लाज वाटतेय.

ही रोजनिशी मागे चाळली. चार तारखेला ते म्हणाले, ब्रश बघा. सोळा तारखेला शिंपी म्हणाला, उद्या या. दोन्ही वाक्यं माझ्याच अक्षरात. अक्षर सुरेख आहे.

२० मार्च
संकल्प: शिंप्याच्या मुलीचा नंबर काहीही करून मिळवणे. दोघांचं बोलणं मी घडवून आणणार.

संध्याकाळी ५.
बायकोने तो सकाळीच न्हाव्याकडून मिळवला. बाहेर फोन चालू आहे. शिंप्याला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तिकडे मुलगी सोंगट्यांच्या जागा ओरडून सांगते, इकडे बायको ओरडते. अर्धा डाव दोघांनाही पाठ होता. मोटरचा विषय निघालेला नाही. माझाही नाही.

५.१५
मला हाक आली. बायकोच्या एका हातात फोन, दुसऱ्यात जागा लिहिलेला कागद, पट मांडून द्या म्हणाली. गेलो. एकेक घर सांगत होते, तसा मन लावून मांडला. शेवटी सासरेबुवांनी डाव्या हाताने मी मांडलेले राजा आणि वजीर उचलले, एकमेकांच्या जागी ठेवले, आणि म्हणाले, असू दे सर, तुमच्या तारा पहिल्यापासूनच उलट्या.