बाबांच्या धमक्या

११ नोव्हेंबर १९६८, सोमवार
सकाळी नदीवर, ग्वारीघाटला, भावाच्या — विनयच्या — अस्थी सोडल्या. मी, बाबा आणि नावाडी. बाबा काठावरच बसून राहिले. घरी आलो तर दारात पोलीस शिपाई. शेजारच्या शालिग्रामजींनी ठाण्यात लिहून दिलं आहे — बाप पोराला रोज जिवे मारायची धमकी देत होता! विनय जिन्यावरून पडला, डोक्याला मार लागला, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. डॉक्टरांनाही.
बाबांना धरून नेतील का? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. आई जेवली नाही.

१२ नोव्हेंबर
थानेदारांना मराठी येत नाही, म्हणून मला बोलावलं. समोर शालिग्रामजींचा कागद.
"टाँग तोड़कर हाथ में दूँगा — ये कहा?"
"जी. रोज. पेपर देर से आया तो पेपरवाले को भी."
"गर्दन मरोड़ दूँगा?"
"वो मुझे. दाढ़ी का आईना उठाया इसलिए."
"चमड़ी उधेड़ के जूते सिलवाऊँगा?"
"वो मेहमानों को, साहब. खाने को ना कहा तो."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "और आपके यहाँ प्यार से क्या बोलते हैं?"
खूप आठवून पाहिलं. म्हटलं, "यही."
हसले. पण कागद फाडला नाही. परवा घरी येतो म्हणाले.

१३ नोव्हेंबर
बाबा विनय गेल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. थानेदारांना असे गप्प दिसले तर संपलंच.

१४ नोव्हेंबर
थानेदार आले. बाबा खुर्चीत, नजर जमिनीकडे. "लक्ष्मणरावजी, कुछ कहिए." काही नाही. आई चहा घेऊन आली. "काहून असे बसून राहिले जी? साहेब इचारून राहिले न!" तरी नाही. मग आईनं अख्खा कप बाबांच्या पायावर ओतला — मी पाहिलं, हात थरथरला नव्हता.
बाबा उडालेच! "आंधळे! डोळे काढून हाती देईन तुझे! उभी चिरीन!"
आई पदरानं पाय पुसत म्हणाली, "चिरा. पहिले चहा घ्या."
थानेदार पोट धरून हसले. "बस, बस! समझ गए." जाताना शालिग्रामजींच्या दाराशी थांबून म्हणाले, "पंडितजी, पहले मराठी सीखिए." प्रकरण बंद केलं.
बाबांच्या पायाला फोड आले आहेत.

१७ नोव्हेंबर
घरात पुन्हा आवाज. दूधवाल्याची मुंडी मुरगाळायचं ठरलं. शेजारी खिडकी लावून घेतात.

१८ नोव्हेंबर
इथं तरी लिहितो. त्या संध्याकाळी विनय पिऊन आला आणि त्यानं आईला केस धरून भिंतीवर आपटलं. बाबा ओरडले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. खलातला बत्ता उचलला. दोनदा विनयच्या डोक्यात. मी दारात उभा होतो. आई तेव्हाही रडली नाही.
दोघं झोपलेत. नळ आला. बादल्या भरून ठेवल्या.