पात्यामागची पट्टी

विश्रामबाग, सांगली
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आकारामदादास,
धाकट्या राणीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं ओरडणं तुला ऐकू येत न्हाई, शेजारणीला मात्र सगळं कळतं, म्हणून पत्र. जन्मभर त्या लाकूड चिरायच्या मशीनजवळ उभं राहून कानांचं वाटोळं करून घेतलंस. बोटाचं तर बोलायलाच नको.

पार्सलनं एक पोलादी पट्टी धाडलीय. इथल्या लेथवाल्याकडनं करून घेतली. मशीनच्या गोल पात्यामागं, अगदी त्याच रेषेत, दोन बोल्टांवर उभी बसवायची. चिरलेली फळी मागनं मिटून पात्याला आवळते आणि उलटी अंगावर येते. ही पट्टी मधे असली की फळी मिटत न्हाई. नव्या मशीनला ती येतेच. आपली पडली आप्पांच्या वेळची, तिला कुठली?

तुझी खोड मोडायला मी कोण? पण आता तिथं इंद्रजित उभा राहतो. पोरगं तुझं असलं तरी वाढलंय माझ्या मांडीवर. त्याचे हात मला धड हवेत. वैनीला नमस्कार सांग.

धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी राणी


पाटण
२ मार्च २०२५

चि. सौ. राणीस,
आकारामचे अनेक आशीर्वाद.

पट्टी पावली. शहाणपण बी पावलं. सांगलीत बंगल्यात ऱ्हायला गेलीस तर भावाला सुतारकी शिकवाया लागलीस, व्हय?

अगं, दर खंडेनवमीला जिला हळद-कुंकू वाहतो, तिच्या अंगात भोकं पाडायची? आन् आपल्या घरात मशीननं रगत चाखल्याबिगर कुणाला मिस्त्री म्हणत न्हाईत, इसरलीस काय? माझं अर्धं बोट गेलं तवा आप्पांनी नारळ फोडला आन् पैल्यांदा आकाराम मिस्त्री म्हणून हाक मारली. तुझ्या भाच्याचा नारळ अजून देवळीत वाळतोय.

मी वडूजला लग्नाला गेलो, तर ह्या शूरानं माझ्या माघारी दोन भोकं पाडून पट्टी बसवली. आल्या आल्या उपसली आन् तुझ्या वैनीला दिली. भाकरी उलथायला बेस हाय. आज सकाळी गिऱ्हाइकांसमोर वैनीची हिरवी बांगडी त्याच्या उजव्या मुठीवरनं रेटून मनगटात चढवली. लय हसली माणसं. फणसाच्या सगळ्या फळ्या पट्टीबिगर चिर, मग काढीन म्हणालो. हे लिहितोय तवा त्याचं चिरणं चाललंय. मला ऐकू येत न्हाई, पर पायाखालची फरशी थरथरतीया.

भावाला इसरू नगं, पर शिकवू बी नगं.

आकाराम मिस्त्री


विश्रामबाग, सांगली
९ मार्च २०२५

दादास राणीचा नमस्कार.

तुझ्या पत्राच्या आधी तुझं पोरगं आलं. फळी उलटली आणि तिच्याबरोबर त्याचा हात पात्यावर गेला. मिरजेच्या दवाखान्यात तीन बोटं जोडायची लय खटपट केली, जमलं न्हाई. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

मनगटात काच रुतली होती. डॉक्टर ती चिमट्यानं वेचत होते. पुरुषाच्या हातात बांगडी कशी, असं नर्सनं विचारलं. बापानं भरलीय, म्हणाले मी. 

तू दवाखान्याच्या दारातनं माघारी गेलास, ते मी खिडकीतनं बघितलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, आबा नारळ आणायला गेले का? चेष्टा होती का खरंच विचारत होता, देव जाणे. ज्या बांगड्यांवर तुझी माणसं हसली, त्याच बांगड्यांच्या हातानं मी त्याला भरवतेय, एवढं ध्यानात ठेव.

राणी


पाटण
२७ मार्च २०२५

चि. सौ. राणीस आशीर्वाद.

तुझी वैनी भाकरी थापते, पर माझ्याशी बोलत न्हाई. काल चुलीजवळची पट्टी उचलली, घासली आन् मशीनला बसवली. भोकं त्याची पाडलेली हुतीच. बोल्ट आवळून बघितलं तर पट्टी पात्याच्या रेषेत, केसाएवढा बी फरक न्हाई. माझ्यानं असली भोकं पडली नसती, राणी. लय सरळ हात हुता पोराचा. मी त्याला असं कवाच म्हणालो न्हाई.

 मला घर खायला उठलंय.

पाडव्याला त्याला पाठव. काम करू नगं म्हणावं, नुसतं माझ्याजवळ उभं ऱ्हा. सगळ्या गावासमोर नारळ फोडतो आन् इंद्रजित मिस्त्री म्हणून हाक मारतो.

एवढं भावासाठी कर.

आकाराम


विश्रामबाग, सांगली
४ एप्रिल २०२५

दादास,

पाडवा झाला. तो येणार न्हाई, आता कधीच न्हाई.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. सरळ हाताचं वाक्य त्यानं परत वाचायला लावलं. मग हसला, अगदी तुझ्यासारखा. मला त्याचं भ्या वाटलं. त्यानं सांगितलंय ते जसंच्या तसं लिहिते. नारळ मशीनपुढं फोडा, पोट तिचं भरलंय. पट्टी मात्र काढू नका आबा, तुमची साडेनऊ बोटं अजून शाबूत हायत.

पत्राच्या शेवटी माया मागायची आपली रीत. ह्या वेळी मागत न्हाई.

राणी